मिरवेल, द्राक्षवेल आणि स्ट्रॉबेरी : पानातला विषाणू ओळखायला शिकताना

गोव्यातल्या फोंड्याकडच्या आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मिरवेलींची जबाबदारी पहिल्यांदा माझ्याकडे आली, त्या उन्हाळ्यात मी सात वेली उपटल्या. पानांच्या कडा वळलेल्या, पानं वेडीवाकडी. म्हणजे विषाणूच, असं मी ठरवून टाकलं होतं. सासूबाईंनी उपटलेल्या वेलीचं एक पान हातात घेतलं, वळलेली कड नखानं हळूच उलगडली आणि म्हणाल्या, "आत काय आहे बघ गो." आत बारीक काळे किडे होते. फुलकिडे. सातही वेली वाचल्या असत्या. आठ-दहा वर्षं पोफळीला बिलगून वर गेलेल्या वेली होत्या त्या, त्यांचं वाईट मला अजून वाटतं.

पुढं उलटी चूक झाली. एका रोपवाटिकेतून आणलेली चाळीस रोपं पिशवीत असताना हिरवीगार होती. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांतल्या काहींची पानं अरुंद व्हायला लागली, पेरं आखडली, घोस लांबेनात. तोवर त्याच वेलींचे फाटे मी चवथीला आलेल्या पाहुण्यांना हौसेनं वाटले होते. आमच्याकडे माहेरी आलेली मुलगी परत जाताना पिशवीत वेलीचा एखादा तुकडा असतोच. विषाणूला याहून सोपी वाट कुठली?

या दोन्ही चुका टाळण्यासाठी काय बघायचं, कधी बघायचं आणि बघितलेल्यावर किती विश्वास ठेवायचा, ते इथं लिहिते. वडिलोपार्जित कुळागर नव्यानं हातात आलेल्यांना, शहरातून गावी परतलेल्यांना, गच्चीवर नाशिकची द्राक्षवेल चढवणाऱ्यांना आणि डिसेंबरात महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीची रोपं आणणाऱ्यांना ते उपयोगी पडावं. मिरीवर जास्त लिहिलं आहे, कारण गोव्यात वेलीवरचं आपलं मुख्य फळ तेच.

आधी एवढं समजून घ्या

बुरशी पानावर वाढताना दिसते, कीड सापडते. विषाणू झाडाच्या पेशीत शिरून त्या पेशीलाच स्वतःच्या प्रती काढायला लावतो. तो भिंगातून दिसत नाही, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही नाही. आपल्याला दिसतं ते फक्त झाडाचं बिघडलेलं वागणं. लागण झालेली वेल बागेत उभी असताना बरी करणारं औषध नाही. दुकानात कोणी "व्हायरसवर चालतं" म्हणून बाटली पुढं केली, तर ती फार तर किडीवर किंवा झाडाच्या पोषणावर काम करेल.

विषाणू येतो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक, लागवडीच्या काडीतून. मिरी, द्राक्ष आणि स्ट्रॉबेरी या तिघांची वाढ आपण बियांपासून करत नाही; काडी, फाटा किंवा धावतं खोड लावतो, आणि आईला जे आहे ते लेकराला तसंच मिळतं. दुसरी वाट रस शोषणाऱ्या किडींची. द्राक्षाच्या एका विषाणूला मातीतली सूत्रकृमीही वाहून नेते, त्याबद्दल पुढं येईल.

मिरवेलीला आपल्याकडे ज्या रोगाला खुरटेपणा किंवा बारीक पान म्हणतात, त्यामागं दोन विषाणू असतात : कुकुंबर मोझॅक आणि पायपर यलो मॉटल. पहिला मावा नेतो, दुसरा पिठ्या ढेकूण. पहिल्याची यजमान झाडं हजाराहून जास्त प्रकारची आहेत : काकडीवर्ग, मिरची, केळ, कित्येक तणं. दुसरा मिरीच्या कुळातच रमतो. पानवेलीतही तो सापडतो. ज्यांच्या कुळागरात मिरवेल आणि पानवेल शेजारी आहेत, त्यांनी दोन्हींवर नजर ठेवावी.

पहिली पायरी : पानाकडे जाण्याआधी कुळागराचा नकाशा काढा

नवखा माणूस थेट पान तोडतो. तसं करू नका. वहीच्या पानावर पोफळींच्या ओळी काढा, प्रत्येक पोफळीला नंबर द्या, खोडावर रंगानं तोच नंबर टाका. मग फिरत फिरत प्रत्येक वेलीसमोर एक खूण करा : ठणठणीत, शंका, वाईट.

हा नकाशा बरंच काही सांगतो. पाटाच्या शेवटाची सगळी ओळ पिवळी असेल, किंवा उताराच्या खालच्या बाजूच्या साऱ्या वेली मलूल असतील, तर दोष बहुतेक पाण्याचा, मातीचा किंवा मुळांचा. आपली जांभ्याची माती आम्ल; चार महिने पाऊस कोसळला की त्यातलं मॅग्नेशियम, पोटॅश वाहून जातं, आणि त्याचा फटका शेजारशेजारच्या झाडांना सारखाच बसतो. विषाणूची वेल मात्र एखाद्या निरोगी ओळीत मध्येच एकटी उभी असते. पाच वेली चांगल्या, सहावी खुरटलेली, पुन्हा चार चांगल्या. किंवा एकाच खेपेला आणलेली रोपं जिथं जिथं लावली, तिथं तिथं लक्षण. म्हणून नंबराशेजारी रोप कुठून आलं आणि कुठल्या साली लावलं हेही लिहा. चाळीस रोपांच्या बाबतीत माझ्याकडे ही नोंद नव्हती. कुठली वेल कुठल्या खेपेतली हे आठवायला दोन दिवस गेले, आणि तरी काहींबद्दल खात्री झाली नाही.

दुसरी पायरी : वेळ निवडा

मिरवेलीतला यलो मॉटल उन्हाच्या तापात जास्त उघडा पडतो. मार्च ते मे हे त्याला बघायचे महिने. भर पावसात, सावलीत, नव्या पालवीच्या झोकात तीच वेल निरोगी वाटू शकते. रोपवाटिकेच्या सावलीच्या जाळीखाली रोपं देखणी दिसतात ती यामुळंही. जूनमध्ये रोप विकत घेताना डोळ्यांनी केलेली तपासणी म्हणूनच अपुरी. ज्या वेलीवरून फाटे घेतले ती मातृवेल उन्हाळ्यात कशी होती हे विचारा. विकणाऱ्याला ते सांगता आलं नाही, तर मी आता रोप घेत नाही.

सकाळी नऊच्या आत फिरा. कडक उन्हात पानं मरगळतात, चकाकतात आणि फिकट-गडद रंगाचा फरक डोळ्यांना कळत नाही.

तिसरी पायरी : पान वाचायला शिका

एक दहापट भिंग, वही आणि मोबाइल एवढं सामान पुरतं. पान तोडण्याआधी पूर्ण फांदी बघा : दोन पानांमधलं अंतर शेजारच्या निरोगी वेलीइतकं आहे का? विषाणूची वेल पेरं आखडून घेते, त्यामुळं पानं गुच्छासारखी जवळ येतात. मग पानाचा आकार. मिरीचं निरोगी पान रुंद, हृदयासारखं. रोगट पान लहान, अरुंद, कधी चामड्यासारखं जाड आणि चुरगळलेलं. मग रंग. पान आकाशाकडे धरून खालून बघा. हिरव्यातच फिकट आणि गडद हिरव्याचे तुकडे, पिवळसर ठिपके, शिरेलगत पिवळट रेघा, आणि या साऱ्याला काहीच शिस्त नाही. पानाच्या डाव्या अर्ध्याचं उजव्या अर्ध्याशी जुळत नाही. हा बेशिस्तपणा लक्षात ठेवा, पुढं फार कामाला येतो.

शेवटी घोस बघा. रोगट वेलीचे घोस आखूड, आणि त्यांत दाणे विरळ भरलेले. पण नुसत्या आखूड घोसावरून निकाल देऊ नका. फुलोऱ्याच्या वेळी पाऊस ओढ देऊन बसला तरी दाणे भरत नाहीत.

फोटो काढताना पानामागं काळं कापड धरा आणि छत्रीच्या सावलीत काढा. त्याच वेलीचा, त्याच फांदीचा फोटो पंधरा दिवसांनी पुन्हा काढा. आज दिसलेल्या एका पानापेक्षा दोन फोटोंमधला बदल जास्त बोलतो.

डोळा तयार करायचा असेल तर एक सुचवते : मिरीआधी केळीवर शिका. केळीचा गुच्छशेंडा रोग एकदा नीट बघितला की विषाणूचं लक्षण म्हणजे काय हे कळतं. रोगट केळीची नवी पानं अरुंद, ताठ उभी, शेंड्याशी झुपका झाल्यासारखी. पानाच्या देठावरची पांढुरकी पूड अंगठ्यानं पुसा. खाली गडद हिरव्या तुटक रेघा दिसतात, ठिपका-रेघ, ठिपका-रेघ, जुन्या तारेच्या संदेशासारख्या. पान उजेडाकडे धरलं की मधल्या शिरेजवळ याच रेघा आकड्यासारख्या वळलेल्या दिसतात. हे लक्षण इतकं ठळक असतं की एकदा पाहिलं की विसरता येत नाही. मिरीतलं लक्षण त्याहून फार हळू बोलतं.

चौथी पायरी : विषाणू नसलेलं आधी बाजूला काढा

खरं कौशल्य इथं आहे, म्हणून इथं जरा थांबते. माझ्या अनुभवात "व्हायरस आला" म्हणून दाखवलेल्या वेलींपैकी बहुतेकांना दुसरंच काहीतरी झालेलं असतं.

फुलकिड्यांपासून सुरुवात करा, कारण माझ्या सात वेली त्यांनीच घेतल्या. मिरीच्या पानाची कड खालच्या बाजूला वळून तिची नळी होते आणि किडे त्या नळीत राहतात. नळी उलगडा. आत किडे किंवा त्यांची पिवळट पिल्लं सापडली की उत्तर मिळालं. पानाचा मधला भाग साधा हिरवा राहतो, फक्त कड बिघडते. विषाणू कडेपुरता कधी थांबत नाही.

मग अन्नद्रव्यं. मॅग्नेशियम कमी पडलं की जुन्या, खालच्या पानांवर शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो आणि शिरा हिरव्या राहतात. पण हे पिवळेपण दोन्ही बाजूंना सारखं, जणू मोजून केलेलं असतं. इथंच तो बेशिस्तपणा आठवा. विषाणूचा रंग विस्कटलेला असतो आणि तो प्रामुख्यानं नव्या पानांवर येतो. अन्नद्रव्याचा दोष नीटनेटका.

मुळांचा रोग हाही मोठा चकवा. सूत्रकृमींमुळं वेल हळूहळू मलूल होते. पावसाळा संपून माती सुकायला लागली की पानं पिवळी पडतात आणि पुढच्या पावसात थोडी सावरल्यासारखी वाटतात. शंका असेल तर बुंध्यापासून वीतभर अंतरावर हलक्या हातानं माती उकरून बारीक मुळं बघा. त्यांवर गाठी असतील, किंवा तंतुमुळं कुजून काळी पडली असतील, तर तुमचा शोध जमिनीत आहे, पानात नाही. आणि वेल आठवड्याभरात अचानक कोसळली, पानं गळाली, बुंधा काळा पडून कुजला, तर तो फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीचा जलद मर रोग. त्याच्याकडे ताबडतोब बघा, कारण तो पावसात एका वेलीवरून दुसरीवर झपाट्यानं जातो. विषाणू सहसा वेलीला एका आठवड्यात मारत नाही. तो तिला वर्षानुवर्षं कमी करत नेतो.

तणनाशक विसरू नका. कुळागराला लागून भाताचं शेत असेल आणि तिथं रुंद पानांच्या तणांवर टू-फोर-डी मारलं असेल, तर वाऱ्यावर आलेले थेंब वेलीची कोवळी पानं अरुंद, पंख्यासारखी, वेडीवाकडी करतात. द्राक्षवेल तर याबाबतीत फार नाजूक. ओळखायची खूण : वाऱ्याच्या बाजूचीच झाडं बिघडतात, वेगवेगळ्या जातींची झाडं एकाच वेळी बिघडतात, आणि त्यानंतर येणारी पालवी हळूहळू सुधारते. विषाणूत खरी सुधारणा नाही, पावसात लक्षण फार तर झाकलं जातं.

एवढं सगळं बाजूला काढून जी वेल उरली, तिच्यासमोर वहीत "शंका" लिहा. "विषाणू" लिहायची वेळ अजून आलेली नाही.

द्राक्षवेल

गोव्यात द्राक्षाची शेती नाही, पण फोंड्यापासून काणकोणपर्यंत कित्येक घरांच्या मांडवावर नाशिक-सांगलीकडून आणलेली एखादी वेल दिसते. तिकडचे बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतात आणि त्या तालावर पानांचं वय मोजतात. तुम्हीही छाटणीची तारीख लिहून ठेवा. पानाचं वय ठाऊक नसेल तर द्राक्षातलं लक्षण वाचताच येत नाही.

पानमुरड हा द्राक्षाचा जगभर पसरलेला विषाणू-रोग. त्यामागं एक नाही, अनेक विषाणू आहेत. पैकी तिसऱ्या क्रमांकाचा सर्वांत त्रासदायक, आणि त्याला पिठ्या ढेकूण व मऊ खवले कीड पसरवतात. लक्षण फळ पिकायच्या सुमाराला, काडीच्या खालच्या, जुन्या पानांवर आधी येतं. पानाच्या कडा खालच्या बाजूला वळतात. काळ्या-लाल जातींत शिरांमधला भाग लाल होतो आणि शिरा हिरव्या राहतात. थॉमसन सीडलेससारख्या पांढऱ्या जातींत लाली येत नाही. पान जरासं पिवळं पडतं, जरासं वळतं, बस. म्हणून पांढऱ्या जातीत नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका. पोटॅशची कमतरता असो, मांडवाची तार काडीत रुतलेली असो किंवा तुडतुडे असोत, लाली आणि मुरड यांनीही येते. तार रुतली असेल तर तिच्या पुढच्याच भागातली पानं लाल होतात. बोट फिरवून बघितलं की कळतं.

रेड ब्लॉच या रोगाची गोष्ट नवख्यांना मुद्दाम सांगते. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात २००८ मध्ये तो वेगळा म्हणून लक्षात आला. त्याआधी लाल पानं दिसली की पानमुरडच समजली जात होती. मग बारकाईनं पाहिल्यावर फरक कळला : रेड ब्लॉचमध्ये कडा वळत नाहीत आणि पानाच्या मागच्या बाजूच्या शिराही लाल होतात. द्राक्षात आयुष्य घालवलेल्या लोकांचीही नजर फसली होती. तुमची-माझी फसली तर नवल नाही; म्हणून पान नेहमी उलटून शिरा बघायच्या.

पंखापान रोगात पानाचे दाते टोकदार होतात, देठाजवळची खाच उघडी पडून पान पंख्यासारखं दिसतं, पेरं आखूड आणि काडी नागमोडी होते. हा विषाणू झिफिनेमा नावाची सूत्रकृमी मातीतून मुळांत नेते. १९५८ मध्ये हे सिद्ध झालं, आणि सूत्रकृमी वनस्पतीचा विषाणू वाहून नेते याचा तो पहिला पुरावा होता. आपल्यासाठी त्याचा अर्थ साधा : दुसऱ्याच्या बागेतून मातीच्या गोळ्यासकट वेल आणू नका.

दमट हवेमुळं आपल्याकडच्या मांडवावर पिवळे डाग दिसले तर आधी डाऊनीचा, म्हणजे केवडा रोगाचा संशय घ्या. वरून तेलकट पिवळा डाग आणि त्याच जागी खालून पांढरी बुरशी दिसली, की ती बुरशीच.

स्ट्रॉबेरी

स्ट्रॉबेरीत अडचण अशी की एकटा विषाणू बऱ्याचदा काहीच दाखवत नाही. मॉटल, क्रिंकल, माइल्ड यलो एज यांसारखे दोन-तीन एकत्र आले की झाड बसतं : पानं लहान, वाटीसारखी वळलेली, कडा पिवळट, फळं बारीक. पसरवणारा मावा. लपलेला विषाणू बाहेर काढण्यासाठी संशयित रोपाच्या पानाचा तुकडा रानटी स्ट्रॉबेरीच्या संवेदनशील रोपावर कलम करतात आणि त्या रोपावर लक्षण येण्याची वाट बघतात. कुंडीत हे कोणी करत नाही. गोव्याचा मे आणि जून स्ट्रॉबेरीला तसाही सोसत नाही, म्हणून दर हिवाळ्याला नवी रोपं आणा. धावतं खोड जपून पुढच्या वर्षी लावायचा मोह टाळा, एवढं पुरे.

पाचवी पायरी : प्रयोगशाळेची वाट

"शंका" लिहिलेल्या वेलींचा निकाल चाचणीनंच लागतो. दोन नावं कानावर पडतील. एलायझा ही चाचणी विषाणूच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडावर चालते. १९७७ पासून ती वनस्पतींच्या विषाणूंसाठी वापरात आहे, आणि एका वेळी खूप नमुने तपासायला बरी. पीसीआर विषाणूच्या जनुकाचा तुकडा शोधते आणि फार थोडा विषाणू असला तरी पकडते. यलो मॉटलचा जनुक डीएनएचा, कुकुंबर मोझॅकचा आरएनएचा. दोघांना वेगळी तयारी लागते. म्हणून नमुना देताना "दोन्ही तपासा" असं स्पष्ट लिहून द्या.

कुठं जायचं? सुरुवात आपल्या विभागीय कृषी कार्यालयापासून किंवा कृषी विज्ञान केंद्रापासून करा. जुने गोवे इथं केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. मिरीच्या विषाणूंवर देशातलं महत्त्वाचं काम कोळिकोडच्या भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेत झालं आहे, आणि द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. नमुना घेण्याआधी फोन करून कोणती चाचणी होते आणि पान कसं पाठवायचं ते विचारा.

नमुना घेताना नवख्यांकडून चुका होतात त्या अशा. पाच वेलींची पानं एका पिशवीत भरतात. मग विषाणू सापडला तरी कुठल्या वेलीत ते कळत नाही. एक वेल, एक पिशवी, तिच्यावर नकाशातला नंबर. वाळलेली, कुजकी पानं देतात. त्यांतून काही निघत नाही. मिरीत लक्षण असलेली कोवळी पण पूर्ण उमललेली पानं वेलीच्या चारही बाजूंनी घ्या. द्राक्षात पानमुरडीचा संशय असेल तर उलट : हंगामाच्या शेवटी, खालच्या जुन्या पानांचे देठ घ्या. हा विषाणू वेलीत सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, त्यामुळं एकाच फांदीचं पान दिलं तर लागण झालेली वेलही निरोगी ठरू शकते. पिशवीत पाणी शिंपडू नका, पानं कोरड्या कागदात गुंडाळा, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फात गोठवू नका. कुरियरनं पाठवायचं असेल तर सोमवारी पाठवा. शनिवारी पाठवलेली पाकिटं रविवारभर उन्हात पडून राहतात. आणि एका ठणठणीत वेलीचा नमुनाही बरोबर द्या.

घरी शिकायला म्हणून एक जुना प्रयोग आहे. अळसांदे किंवा चवळी कुंडीत पेरा. पहिली दोन पानं पूर्ण उघडली की संशयित कोवळं पान थोड्या थंड, स्वच्छ पाण्यात वाटून तो रस, अगदी बारीक कार्बोरंडमची (घासायला वापरतात त्या खरखरीत पदार्थाची) पूड भुरभुरवून, हलक्या बोटानं चवळीच्या पानावर चोळा आणि लगेच पाण्यानं धुवा. दुसऱ्या कुंडीला नुसतं पाणी आणि पूड चोळा. कुकुंबर मोझॅक असेल तर आठवड्याभरात चोळलेल्या पानावर बारीक तपकिरी ठिपके येऊ शकतात. पण ठिपके आले नाहीत म्हणून वेल निर्दोष ठरत नाही. यलो मॉटल असा चोळून सहजी जात नाही, आणि द्राक्षाच्या रसातली टॅनिनं तर विषाणूला अडवूनच धरतात.

लागण पक्की झाल्यावर

वेल काढावी लागते, आणि मला माहीत आहे की फळ देणारी वेल काढायला हात धजत नाही. "अजून दोन वर्षं मिरी मिळेल" असं घरचे म्हणतात, आणि मिळेलही. पण ती दोन वर्षं ती वेल शेजारच्या वेलींना विषाणू देत राहील.

क्रम महत्त्वाचा. आधी कीड, मग वेल. पिठ्या ढेकूण आणि मावा जिवंत असताना वेल ओढून काढली तर ते उठून बाजूच्या वेलीवर जातात. केळीच्या बाबतीत तर हे अगदी पाळायचं : गुच्छशेंड्याचा विषाणू घेतलेला मावा तो मरेपर्यंत सोबत वागवतो. आधी त्या झाडावर औषध फवारून मावा मारा, मग केळ कंदासकट, पिल्लांसकट काढून तुकडे करा.

पिठ्या ढेकणांबरोबर मुंग्यांचाही बंदोबस्त करा. मुंग्या त्यांचा गोड स्राव खातात आणि बदल्यात त्यांची राखण करतात, त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतातही. पिठ्या ढेकूण आळशी कीड आहे, त्यामुळं तिला आवरलं की यलो मॉटलचा पसार खरोखर मंदावतो. कुकुंबर मोझॅकचं तसं नाही. मावा पानात सोंड खुपसतो त्या काही सेकंदांतच तो विषाणू देऊन मोकळा होतो. फवारणीनं मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. तिथं उपयोग तणं काढण्याचा, वेलींच्या पायथ्याशी काकडी-दोडक्याचे मांडव न घालण्याचा आणि रोगट वेल लवकर हटवण्याचा.

फाटे घेण्याआधी

सगळ्यात जास्त फळ देणारी मेहनत इथं आहे. मिरीची नवी रोपं आपण वेलीच्या बुंध्यातून निघणाऱ्या धावत्या फाट्यांपासून करतो. हे फाटे जमिनीला टेकून मुळं धरू नयेत म्हणून खुंटीवर गुंडाळून ठेवतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कापतात. सर्पेंटाइन पद्धतीत तर एकाच रोपाच्या पेरापेराला पिशवीत रुजवत पुढं नेतात. एका आईची कितीतरी लेकरं वर्षभरात तयार होतात. आई रोगट असेल तर तितकीच रोगट रोपं तयार होतात.

मातृवेल मी दोन उन्हाळे बघून ठरवते. पाच ते बारा वर्षांची, दरवर्षी भरघोस घोस देणारी, रुंद पानांची. दोन्ही वर्षी एप्रिलमध्ये तिच्या शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एकही अरुंद, चट्ट्यापट्ट्याचं पान नको. एक जरी दिसलं तरी ती वेल फळासाठी ठेवते, फाट्यांसाठी नाही. शेजारच्या दोन्ही पोफळींवरच्या वेलीही तपासते. आणि जमेल तेव्हा निवडलेल्या आईचा नमुना चाचणीला पाठवते. शंभर रोपं तपासण्यापेक्षा एक आई तपासणं स्वस्त पडतं. केळीसाठी ऊतिसंवर्धित रोपं घेत असाल, तर विषाणूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. देशात त्यासाठी राष्ट्रीय प्रमाणन पद्धत आहे.

रोगट वेल काढलेल्या पोफळीवर लगेच दुसरी लावू नका. खोडाला चिकटलेली मुळं खरवडून काढा, बुंध्यातून फुटणारे धुमारे पावसाळाभर उपटत राहा, कारण त्या धुमाऱ्यांत जुना विषाणू जिवंतच असतो. नकाशात त्या नंबरावर काढल्याची तारीख घाला. पुढच्या जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती निवली, की उत्तरेच्या अंगाला खड्डा घेऊन नवं रोप लावा, आणि त्याच्या आईचा नंबर शेजारी लिहून ठेवा.